स्पॅनिश शिकताय? ‘ओला’ नंतर, आधी ‘जर-तर’ शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण छोटा धंदा आणि परदेशी भाषा यावर बोललो. व्हिडिओत व्याकरण मावत नाही, म्हणून स्पॅनिशचा भाग इथे सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बसा. स्पॅनिश वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील. उच्चार लॅटिन अमेरिकेतल्यासारखे धरले आहेत.

पहिला प्रश्न, स्पॅनिशच का? कारण साधं आहे. सुमारे २० देशांची ती अधिकृत भाषा आहे. पुण्याच्या बजाजच्या मोटारसायकली कोलंबियाच्या रस्त्यांवर धावतात, चाकणला बनलेल्या फोक्सवॅगनच्या गाड्या मेक्सिकोला गेल्या. मोठ्या कंपन्यांकडे भाषेसाठी माणसं असतात. तुमच्याकडे तुम्ही आहात आणि तुमचा मोबाईल. कुणी सुटे भाग पाठवणार, कुणी हातमागाच्या पिशव्या. आणि आपले जे वाचक अमेरिकेत राहून डबे, केटरिंग किंवा छोटं हॉटेल चालवायचा विचार करताहेत, त्यांच्या किचनमध्ये शेजारी उभा असलेला माणूस बऱ्याचदा मेक्सिकोचा किंवा ग्वाटेमालाचा असतो.

आता माझं मत स्पष्ट सांगते. धंद्यासाठी स्पॅनिश शिकणाऱ्याने पहिला महिना ‘ओला’, रंग, फळं आणि आठवड्याचे वार यात घालवू नये. पहिल्या दिवसापासून ‘असं झालं तर असं करा’ हे वाक्य शिकावं. कारण धंदा म्हणजेच जर-तर. बॉक्स फुटलेला आला तर काय? पेमेंट अडकलं तर काय? गॅसचा वास आला तर काय? ‘नमस्कार’ चुकला तर समोरचा हसतो. जर-तर चुकलं तर पैसे जातात, कधी कधी माणूसही जातो.

साचा एकच, आणि तो सोपा आहे

हे वाक्य बघा:

सि ला काखा येगा रोता, नो फिर्मे.
(बॉक्स फुटलेला आला तर सही करू नका.)

‘सि’ म्हणजे जर. त्यानंतर साधा वर्तमानकाळ. मग स्वल्पविराम, मग आज्ञा. संपलं.

गंमत बघा. मराठीत आपण ‘जर’ सहज गाळतो, पण ‘तर’ ठेवतो: “पाऊस आला तर खिडकी लाव.” स्पॅनिशमध्ये बरोबर उलटं. ‘सि’ ठेवावाच लागतो आणि ‘तर’साठी सहसा काहीच म्हणत नाहीत. सि युएबे, सिएर्रे ला बेन्ताना. पाऊस आला, खिडकी लावा, मधला ‘तर’ तुमच्या आवाजातल्या विरामात असतो.

इथे मराठी माणूस तीन ठिकाणी अडखळतो. लिहून घ्या.

१. आपण म्हणतो “आला तर”. हे रूप दिसायला भूतकाळाचं आहे. म्हणून आपण स्पॅनिशमध्येही भूतकाळ घालतो. तिथे त्याचा अर्थ ‘पाऊस आधीच पडून गेला असेल तर’ असा होतो. पुढच्या गोष्टीबद्दल सूचना देताना वर्तमानकाळच वापरा: सि युएबे.

२. ‘सि’च्या मागोमाग भविष्यकाळ घालू नका. “पाऊस येणार असेल तर” असं म्हणायचंच असेल तर: सि बा आ योबेर.

३. ‘सि’ म्हणजे जर, आणि ‘सी’ म्हणजे हो. ऐकायला जवळपास सारखं. लिहिताना ‘हो’वाल्या शब्दावर स्वरचिन्ह येतं, ‘जर’वाल्यावर नाही. व्हॉट्सॲपवर लोक ती चिन्हं गाळतात, त्यामुळे पूर्ण वाक्य वाचल्याशिवाय समोरच्याने होकार दिला असं समजू नका.

‘आले तर’ आणि ‘आले की’

आता जो भाग बहुतेक क्लासमध्ये उशिरा येतो आणि धंद्यात पहिल्या दिवशी लागतो, तो.

मराठीत ही दोन वाक्यं ऐका:

“पैसे आले तर माल पाठवते.”
“पैसे आले की माल पाठवते.”

पहिल्या वाक्यात तुम्ही गिऱ्हाइकावर संशय घेतलात. दुसऱ्यात फक्त क्रम सांगितलात. पैसे दोन्हीत तेवढेच, पण पहिलं वाक्य ऐकून चांगलं गिऱ्हाईक दुखावतं. स्पॅनिशमध्ये हा फरक ‘सि’ आणि ‘क्वान्दो’ या दोन शब्दांनी होतो.

सि रेसीबो एल पागो, ले एन्बीओ ला मेर्कान्सिआ. (पेमेंट मिळालं तर...)
क्वान्दो रेसीबा एल पागो, ले एन्बीओ ला मेर्कान्सिआ. (पेमेंट मिळालं की...)

बघा, ‘सि’नंतर ‘रेसीबो’ आहे, ‘क्वान्दो’नंतर ‘रेसीबा’. एका स्वराचा फरक. गोष्ट अजून घडायची आहे म्हणून क्रियापदाचं रूप बदललं. व्याकरणात या रूपाला जड नाव आहे, ते आत्ता सोडा. मात्र रोजची सवय सांगायची असेल, म्हणजे “पाऊस आला की मी खिडकी लावते” असं, तर ‘क्वान्दो’नंतरही साधा वर्तमानकाळच येतो.

हे बदललेलं रूप अभ्यासक्रमात साधारण बी-१ पातळीच्या आसपास येतं. शिक्षकांचं त्यात काही चुकत नाही, कारण आधी साधी रूपं तोंडात बसली तर पुढची पटकन बसतात. तुम्हाला डेले परीक्षा द्यायची असेल किंवा भाषांतरकार व्हायचं असेल तर क्लासच्याच क्रमाने जा. पण तुमचं पहिलं पार्सल पुढच्या महिन्यात निघणार असेल तर बी-१ ची वाट कशाला बघायची?

एक रूप, तीन कामं

शिकायला हे रूप जितकं अवघड सांगतात तितकं नाही. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. तू म्हणजे ‘तू’ (हो, उच्चार अगदी आपल्यासारखाच!), आणि आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणजे ‘उस्तेद’.

‘तू’ला आज्ञा देताना रूप बदलतं: सही कर म्हणजे ‘फिर्मा’, सही करू नकोस म्हणजे ‘नो फिर्मेस’. ‘उस्तेद’ला मात्र दोन्हीकडे एकच: ‘फिर्मे’, ‘नो फिर्मे’. आणि ‘क्वान्दो’नंतर लागणारं रूपही तेच! म्हणजे ‘येगे’ हे एक रूप पाठ केलं की “पोचा”, “पोचू नका” आणि “पोचलं की” ही तिन्ही कामं होतात.

रूप बनवायची युक्तीही सोपी. ज्या क्रियापदाच्या शेवटी ‘आर’ असतं त्याला ‘ए’ लावा: फिर्मार, फिर्मे. ज्याच्या शेवटी ‘एर’ किंवा ‘इर’ असतं त्याला ‘आ’ लावा: बेन्देर (विकणे), बेन्दा, आब्रिर (उघडणे), आब्रा. काही आडमुठी आहेत, ती सरळ पाठ करा: पोंगा (ठेवा), साल्गा (बाहेर या), बेंगा (या), आगा (करा), त्राइगा (आणा), बाया (जा).

एकापेक्षा जास्त लोकांना सांगायचं असेल तर शेवटी ‘न’ जोडा: फिर्मेन, साल्गान. ‘मला’ जोडायचं असेल तर होकारात शेवटी चिकटवा, नकारात आधी आणा. मान्देमे म्हणजे मला पाठवा, नो मे मान्दे म्हणजे मला पाठवू नका.

म्हणून माझा आग्रह: सुरुवात ‘उस्तेद’ने करा. त्यात तीन फायदे आहेत. पाठांतर कमी. सगळ्या देशांत चालतं. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ येतं आणि त्याची रूपं वेगळी असतात, स्पेनमध्ये जवळच्या लोकांसाठी अनेकवचनाची वेगळी रूपं असतात, पण ‘उस्तेद’ची रूपं सगळीकडे तीच. तिसरा फायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे मान. आपल्याकडे वयाने मोठ्या वॉचमन काकांनाही मालक अरे-तुरे करतात, ती सवय परदेशात नेऊ नका. भांडी घासणारा असो की गोडाऊनचा माणूस, त्याला ‘उस्तेद’ म्हणा. त्याने स्वतः सांगितलं तर ‘तू’वर या. हाताखालच्या माणसाला मान दिल्याने सूचना कमी ऐकली जाते असं मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

खरी अडचण स्पॅनिशची नाहीच

आता थोडं कडू बोलते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना मराठीतही नीट सूचना देता येत नाही.

“त्या टेबलचं जरा बघून कर हां.”
“काही झालं तर सांभाळून घे.”
“जमलं तर आज पाठव.”

काय बघून? काय झालं तर? सांभाळून घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं? घरचा माणूस, जुना कामगार असतो तोवर हे चालतं, कारण त्याला तुमच्या मनातलं कळतं. अनोळखी माणसाला कळत नाही. आणि ‘बघून घे’चं स्पॅनिश करायला बसलात की हात टेकतात, कारण त्या वाक्यात सूचनाच नसते!

स्पॅनिश वाक्य तुम्हाला तीन निर्णय घ्यायला लावतं. कुणाला सांगताय, एकाला की सगळ्यांना, ‘तू’ की ‘उस्तेद’? गोष्ट घडेल याची खात्री आहे की शंका, ‘क्वान्दो’ की ‘सि’? आणि नक्की कोणती क्रिया करायची? हे तिन्ही निर्णय मालक म्हणून तुम्हाला घ्यावेच लागतात. मराठीत ते ढकलता येतात, इथे येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ, आपल्या जेवणातलंच. आपल्या भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत शेंगदाण्याचा कूट असतो. परदेशात गिऱ्हाईक म्हणालं, “मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे,” तर हा आवडीनिवडीचा प्रश्न नाही, त्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. अशा वेळी “जरा बघून कर” याला काही अर्थ नाही. सूचना अशी तोडा:

सि एल क्लिएन्ते एस आलेर्खिको आल मानी, पारे इ आबीसेमे.
(गिऱ्हाइकाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर थांबा आणि मला सांगा.)
ऊसे उना ओया लिम्पिआ. (स्वच्छ भांडं वापरा.)
नो कोसीने आस्ता के यो येगे. (मी येईपर्यंत शिजवू नका.)

शेवटच्या वाक्यात ‘आस्ता के’ म्हणजे ‘पर्यंत’. आणि पुढे आलंच बघा आपलं ‘येगे’!

पण थांबा. शेंगदाण्याला सगळीकडे ‘मानी’ म्हणत नाहीत. दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मानी, मेक्सिकोत काकावाते, स्पेनमध्ये काकावेते. व्याकरण शंभर टक्के बरोबर आणि नेमका एक शब्द समोरच्याच्या गावचा नाही, तर सूचना वाया. म्हणून पहिल्याच दिवशी दाणे हातात घेऊन विचारा: कोमो से यामा एस्तो? (याला काय म्हणतात?) तो जो शब्द सांगेल तो भिंतीवर लिहा.

बटाट्याचंही तसंच. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आला. स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ आहे, पण त्याचा अर्थ रताळं! बटाट्याला लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणतात, स्पेनमध्ये ‘पाताता’. “बाताता उकडा” म्हणालात तर वड्यात रताळं जाईल, आणि दोष त्याचा नसेल. उलट काही शब्द मदतीला येतात. आपली ‘चावी’ पोर्तुगीज ‘शावे’वरून आली, तीच स्पॅनिशमध्ये ‘याबे’. दोघींचं मूळ एकच, लॅटिन. फक्त लक्षात ठेवा, स्पॅनिशमध्ये नळाच्या आणि गॅसच्या कॉकलाही ‘याबे’च म्हणतात.

म्हणून हे वाक्य प्रत्येक किचनमध्ये हवं:

सि उएले आ गास, सिएर्रे ला याबे इ साल्गा. नो एन्सिएन्दा ला लूस.
(गॅसचा वास आला तर कॉक बंद करा आणि बाहेर पडा. लाईट लावू नका.)

अट आधी, कृती नंतर. स्पॅनिशमध्ये उलटा क्रमही बरोबर आहे: आबीसेमे सि फाल्ता आल्गो (काही कमी असेल तर मला कळवा). साध्या कामात चालेल. धोक्याच्या कामात मात्र ‘सि’ पुढेच ठेवा, म्हणजे ऐकणारा अर्ध्या वाक्यावर काम सुरू करणार नाही.

“ॲप आहे की, मग शिकायचं कशाला?”

हा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. ॲप वापरा, जरूर वापरा. पण बरेच जण ॲपमध्ये इंग्रजी टाकतात, आणि इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकच. मग ॲपला अंदाज करावा लागतो, आणि तुमच्या साठीच्या खरेदीदाराला अरे-तुरे जातं. शिवाय तुम्ही ‘बघून घे’ टाकलंत तर ॲपही काहीतरी ‘बघूनच’ देणार! आलेलं वाक्य बरोबर आहे का हे तपासण्यापुरती भाषा तुमच्याकडे हवीच. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका हेही सांगते. करार, विमा, कस्टमची कागदपत्रं, पेमेंटच्या अटी यासाठी पैसे देऊन चांगला भाषांतरकार घ्या. तिथे काटकसर नको. आणि ‘३० दिवसांत अस्खलित स्पॅनिश’ असं कुणी विकत असेल तर तिकडे फिरकूही नका. ३० दिवसांत तुमच्या धंद्याची ३० वाक्यं पक्की होऊ शकतात. ते कमी नाही.

दोन सापळे

पहिला सापळा ‘जमलं तर’. सि पुएदे म्हणजे ‘जमलं तर’. नम्र वाटतं म्हणून आपण ते प्रत्येक वाक्यात घालतो. पण समोरच्याला त्यातून सूट मिळते. काम आजच हवं असेल तर ‘सि पुएदे’ काढा आणि ‘पोर फाबोर’ घाला. नम्रपणा राहतो, सूट जाते.

दुसरा सापळा वेळेचा. मेक्सिकोत ‘आओरीता’ हा शब्द फार ऐकू येतो. शब्दशः ‘आत्ता’, पण ते या मिनिटापासून ‘बघू थोड्या वेळाने’पर्यंत काहीही असू शकतं. आपल्याला हसायचा हक्क नाही, आपलं ‘आलोच पाच मिनिटांत’ कुठे वेगळं आहे? रागावू नका, सरळ विचारा: आ के ओरा? (किती वाजता?)

आणि सूचना दिल्यावर “कळलं का?” असं विचारू नका. त्याला जगातल्या सगळ्या भाषांत उत्तर ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी म्हणा: मे लो रेपीते, पोर फाबोर? (मला परत सांगता का, प्लीज?) त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की तुमचं वाक्य पोचलं.

या आठवड्याचा गृहपाठ

कोऱ्या पानावर तुमच्या धंद्यातले दहा ‘जर’ लिहा. आधी मराठीत. प्रत्येकासमोर एकच कृती, करणारा एकच. जिथे ‘बघून घे’, ‘सांभाळ’, ‘नीट कर’ आलं असेल तिथे लाल पेनने गोल करा आणि पुन्हा लिहा. मग स्पॅनिश करा. सुरुवातीला हे पाच घ्या:

सि फाल्ता आल्गो, मान्देमे उना फोतो. (काही कमी असेल तर मला फोटो पाठवा.)
क्वान्दो येगे एल पेदिदो, आबीसेमे. (ऑर्डर पोचली की मला कळवा.)
सि एल पीसो एस्ता मोखादो, पोंगा एल आबीसो. (फरशी ओली असेल तर पाटी ठेवा.)
सि एल क्लिएन्ते पीदे मेनोस पिकान्ते, नो पोंगा चीले बेर्दे. (गिऱ्हाईक कमी तिखट मागत असेल तर हिरवी मिरची घालू नका.)
नो देस्पाचे आ मेनोस के यो ले आबीसे. (मी कळवल्याशिवाय माल पाठवू नका.)

शेवटच्या वाक्यात ‘आ मेनोस के’ म्हणजे ‘-शिवाय’, आणि पुढे पुन्हा तेच बदललेलं रूप. ‘देस्पाचे’ ऐकून ‘डिस्पॅच’ आठवला असेल, तसाच लक्षात ठेवा.

दहाच्या दहा वाक्यं मराठीत लिहिताना अडलात तर स्पॅनिश क्लासची फी भरायची घाई करू नका. आधी आपल्या धंद्यात कुणी, केव्हा, काय करायचं ते ठरवा. ते ठरलं की भाषेचं काम अर्धं झालं, उरलेलं अर्धं रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून होतं. कामाला लागा, भेटू पुढच्या व्हिडिओत!